मदत हवी आहे: कटल्याच्या कल्ल्यांतले परजीवी

मंडळी, नमस्कार. मी बडोद्यात प्राणिशास्त्रात एमएस्सी करतेय. बाजारातून आणलेल्या कटला माशाचे कल्ले तपासताना दोन पाहुणे सापडलेत.

पहिला कृमी. डोक्याकडे चार काळे डोळ्यांचे ठिपके, शेपटाकडच्या चकतीवर मोठ्या आकड्यांची एकच जोडी, कडेने बारीक आकडे. म्हणजे डॅक्टिलोगायरस हा चपटा कृमी. त्याच्यासारख्याच दिसणाऱ्या गायरोडॅक्टिलसला डोळे नसतात आणि त्याच्या पोटात पिल्लू दिसतं, तेही आकड्यांसकट (काय ती घाई!). पण प्रजाती ठरवायची तर आकड्यांची मापं आणि नर-जननांगाचा आकार, दोन्ही हवं. फॉर्मॅलिनमध्ये टाकलं की कृमी आक्रसतो. जिवंत असताना आच्छादन काचेखाली (कव्हरस्लिप) दाबला तर आकडे झकास दिसतात, जननांग मात्र अंधूकच. कृमी स्लाइडवर बसवायला अमोनियम पिक्रेट-ग्लिसरीनचं मिश्रण कुणी वापरलंय का? प्रमाण काय घेता, आणि स्लाइड किती टिकते?

दुसरं प्रकरण जास्त छळतंय. कल्ल्याच्या तंतूंवर पांढरट गाठी, फोडल्या की बीजाणूंचा नुसता सडा. ध्रुवीय कुपी (बीजाणूतली, गुंडाळलेला तंतू असलेली पिशवी) एकच दिसते, म्हणून थेलोहॅनेलस हा सूक्ष्म परजीवी म्हणावंसं वाटतं. पण त्याच्याच गटातल्या मिक्सोबोलसचा बीजाणू कुशीवर पडला की त्याच्या दोन कुप्याही एकामागे एक लपतात. पोटॅशियम हायड्रॉक्साइड देऊन कुपीतला तंतू बाहेर काढला तर कुप्या मोजता येतील ना? की सरळ गिम्सा रंग द्यावा?

बडोदा-आणंदकडे कुणी मत्स्यपरजीवींवर काम करत असेल तर कृपया सांगा. फोटो पाठवते, मोजपट्टीसकट.