बचत गटाला सीएसआरमधून शिलाई मशीन: मालकी कोणाची?

भोसरीकर_ताई: आमचा १२ जणींचा बचत गट, कापडी पिशव्या शिवतो. चाकण एमआयडीसीतली एक कंपनी सीएसआरमधून (कंपन्यांना कायद्याने करावा लागणारा सामाजिक खर्च) १० मशीन द्यायला तयार आहे. पण गटाच्या खात्यात पैसे टाकता येत नाहीत म्हणतात. मग मशीन कोणाच्या नावावर?

हिशोबनीस: ताई, ते बरोबर सांगताहेत. कंपनीने एक तर स्वतः खरेदी करायची, नाहीतर सीएसआर-१ नंबर (सीएसआरची कामं घ्यायला सरकारकडे केलेल्या नोंदणीचा) असलेल्या ट्रस्ट, सोसायटी किंवा कलम ८ कंपनीमार्फत (नफा वाटून न घेणारी कंपनी). बचत गट त्यात बसत नाही.

मालकीचं मात्र वेगळं आहे, आणि गट फसतात ते इथेच. २०२१ च्या दुरुस्तीपासून सीएसआर नियमांतल्या नियम ७(४) प्रमाणे अशी मालमत्ता लाभार्थींच्या बचत गटाच्या नावावर राहू शकते. कंपनीच्या नावावर तर राहूच शकत नाही. मधली संस्था मात्र स्वतःच्या नावावर ठेवू शकते. त्यामुळे करारात ‘वापरासाठी दिले’ असं असेल तर सही करू नका. ‘मालकी गटाची’ असं लिहून घ्या, खाली प्रत्येक मशीनचा सिरियल नंबर.

शिकवणाऱ्या बाईंचा पगार आणि हॉलचं भाडंही मागा. कंपनीवाले ५ टक्क्यांची मर्यादा दाखवतील. ती त्यांच्या सीएसआर विभागाच्या कारभारखर्चाला आहे, प्रकल्पाच्या थेट खर्चाला नाही.

टाका_बखिया: दहाही घरगुती मशीन घेऊ नका (फोटोत छान दिसतात, तेवढंच). पिशवीचा बंद जोडतो तिथे कॅनव्हासचे चार-पाच थर येतात. घरगुती मशीन तिथे अडतं, १४ नंबरची सुई मोडते. आठ जुकी (कारखान्यात वापरतात ती मशीन), जाड कापडाला १८ नंबरची सुई, दोन ओव्हरलॉक (कापडाची कड बांधणारी). मोटर सर्व्होच मागा, ती शिवतानाच फिरते. क्लच मोटर पायडलवरचा पाय काढला तरी फिरत राहते आणि बिल वाढतं.

हिशोबनीस: आणि ऑर्डरचं आधी बोला. कंपनीने तुमच्याकडून पिशव्या घेतल्या तर ती साधी खरेदी, सीएसआर नव्हे. तिची पीओ (खरेदीची लेखी ऑर्डर) वेगळी. ३१ मार्चच्या घाईत मशीन येतात, ऑर्डर येत नाही, मग त्यांच्यावर चादर पडते.

भोसरीकर_ताई: आमच्यातल्या पाचजणींचे नवरे त्याच कंपनीत आहेत. अडचण येईल का?

हिशोबनीस: नाही. प्रकल्प फक्त कामगारांच्या घरच्यांसाठी आखलेला नसला की झालं. प्रस्तावात ‘कामगारांच्या पत्नींचा गट’ असं चुकूनही लिहू नका.