मदत हवी आहे: कार्ब साफ केला, पण रेस सोडल्यावर आरपीएम खाली येत नाही

नमस्कार मंडळी,

वडिलांची १५० सीसी, चार-स्ट्रोक, सिंगल सिलिंडरची गाडी दोन वर्षं झाकून उभी होती. मी गाडी शिकलो ती हिच्यावरच, त्यामुळे ती पुन्हा नीट चालती करायचीच आहे.

कार्ब (कार्बोरेटर, म्हणजे हवा-पेट्रोल मिसळणारा भाग) उघडला तेव्हा फ्लोटच्या वाटीत लाखेसारखा पिवळट थर बसलेला होता. स्लो जेट (रेस न देता इंजिन चालू राहायला पेट्रोल देणारं बारीक भोकाचं नळकांडं) उजेडासमोर धरला तर आरपार काहीच दिसेना. रात्रभर क्लीनरमध्ये बुडवून हवा मारली, तेव्हा कुठे सुईच्या टोकाएवढा स्वच्छ ठिपका दिसला. तार घातली नाही, भोक मोठं झालं तर जेटचं माप बिघडतं.

आता गाडी चालू होते, पण चोकशिवाय नाही. गरम झाल्यावरही अर्धा चोक ओढला की उलट जास्त बरी चालते. रेस देऊन सोडली की आरपीएम ३००० च्या आसपास अडकतो आणि सात-आठ सेकंदांनी सावकाश खाली येतो. उतारावर थ्रॉटल बंद केला की सायलेन्सरमध्ये फटफट होते. प्लग काढून पाहिला तर पोर्सिलेन पांढरं फटक.

मिश्रण लीन आहे, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतंय, एवढं कळतंय. म्हणून मिक्श्चर स्क्रू अडीच फेऱ्यांवरून चारपर्यंत बाहेर काढला. माझ्या कार्बला तो इंजिनाच्या बाजूला आहे, म्हणजे बाहेर काढला की रिच (पेट्रोल जास्त) व्हायला हवं. काहीच फरक नाही. पूर्ण आत बसवला तरी इंजिन बंद पडत नाही! स्लोवर (रेस न देता) धरत नव्हती म्हणून स्लोचा स्क्रू बराच आत घेतलाय, तेवढंच वेगळं केलंय. टॅपेट (व्हॉल्व्हची फट) मापात आहेत, फिल्टर नवा आहे, सायलेन्सर मूळचाच. पिनची (थ्रॉटलबरोबर वर-खाली होणाऱ्या कार्बमधल्या सुईची) क्लिप पाचपैकी मधल्या खाचेत आहे.

मोठा स्लो जेट टाकू का? की पिन एक खाच वर घेऊ?

प्रतिसाद १

फ्लोटची उंची मोजली का? वाटीत पेट्रोलची पातळी कमी राहिली तर सगळीकडेच लीन दाखवते.

प्रतिसाद २

जेट आत्ता घेऊ नका. स्क्रू पूर्ण आत आणि इंजिन तरी चालू, ही तुमची सगळ्यात कामाची ओळ आहे. याचा अर्थ इंजिनाला स्लोचं पेट्रोल त्या स्क्रूला वळसा घालून मिळतंय. स्लोचा स्क्रू फार आत घेतला की थ्रॉटलची पट्टी बायपासच्या बारीक छिद्रांपलीकडे उघडी राहते. मग पेट्रोल तिथून ओढलं जातं आणि मिक्श्चर स्क्रूच्या हातात काही उरत नाही.

पण गाडी स्लोवर का धरत नव्हती? मला शंका आहे ती कार्ब आणि हेडच्या मधल्या रबरी मॅनिफोल्डची. तिथून हवा शिरत असेल तर अडकणारा आरपीएम, फटफट, पांढरा प्लग, सगळंच जुळतं. सायलेन्सर थंड असताना इंजिन चालू करा आणि लगेच जोडांवर कार्ब क्लीनरचा अगदी छोटा फवारा मारा. आरपीएम बदलला तर गळती तिथेच. क्लीनर पेट घेतो, म्हणून इंजिन तापल्यावर हे करू नका.

पिनचा संबंध साधारण पाव ते पाऊण थ्रॉटलशी आणि मेन जेटचा त्यापुढे. तुमचा त्रास बंद थ्रॉटलचा आहे, तेव्हा पिन आहे तिथेच राहू द्या.

धागाकर्ता

खूप आभार! मॅनिफोल्डच्या वरच्या बाजूला काही झालं नाही, खालच्या बाजूला फवारा लागताच आरपीएम बदलला. काढून पाहिलं तर ओ-रिंग (जोडातलं रबरी कडं) चपटी आणि प्लास्टिकसारखी कडक झालेली. नखाने दाबली तर तुकडा पडला. फ्लोटची उंची बरोबर निघाली. नवी ओ-रिंग बसवल्यावर ट्यूनिंग कुठून सुरू करू?

प्रतिसाद २

मिक्श्चर स्क्रू हलक्या हाताने टेकेपर्यंत आत घ्या (जोर लावलात तर टोक आणि बैठक दोन्ही खराब होतील) आणि परत अडीच फेऱ्या बाहेर. गाडी दहा मिनिटं चालवून गरम करा, चोक बंद. स्लो जेमतेम धरेल इतका स्लोचा स्क्रू बाहेर काढा. आता मिक्श्चर पाव-पाव फेरी फिरवा, दर वेळी थोडं थांबून कान द्या. आरपीएम सगळ्यात वर जाईल तिथे थांबा, स्लो पुन्हा उतरवा आणि हेच आणखी एकदा करा.

पुस्तकी प्रमाण वजनाने १४.७ भाग हवेला १ भाग पेट्रोल आहे, पण स्लोला इंजिन त्याहून किंचित रिचच मागतं. तेव्हा शंका आलीच तर अष्टमांश फेरी बाहेर ठेवा. तीन फेऱ्यांपलीकडे जावं लागलं तरच मोठ्या स्लो जेटचं बघू. प्लगचा रंग नव्या प्लगवर, चांगली रपेट झाल्यावर पाहा. फिकट तपकिरी आला की इथे फोटो टाका.