मदत हवी आहे: चित्रांसाठी बोरू (पोकळ गवती काडीची लेखणी) कुठे मिळेल, कसा तासायचा?

नमस्कार मंडळी. डच चित्रकार व्हॅन गॉगने १८८१ मध्ये नेदरलँड्समधल्या एटनला बोरू हाती धरला, पण त्याची खरी कमाल दिसली १८८८ मध्ये दक्षिण फ्रान्समधल्या आर्लला. तिथलेच बोरू तासून त्याने शेतं काढली, सेंत-मारी या समुद्रकाठच्या गावच्या किनाऱ्यावरच्या होड्या काढल्या. नुसते ठिपके, तुटक रेघा, जाड-बारीक फटकारे, आणि अख्खा समुद्र हलतो! मला मालवणची बंदरजेटी तशी काढायची आहे.

मालवण-वेंगुर्ल्याकडे चांगला बोरू कुठे मिळेल? तोडल्यावर किती वाळवायचा? माझ्या बोरूत शाई टिकत नाही, दोन रेघांत संपते. टोकाची चीर लांब हवी की आखूड? बांबू नको, फार टणक लागतो. घरातल्या कुणी बोरूने कित्ता गिरवला असेल तर कृपया त्यांना विचारून सांगा.