तिसरीतला मुलगा झालेला धडा घडाघडा वाचतो, नवा उतारा मात्र अडतो. डिस्लेक्सिया (बुद्धी चांगली असूनही वाचन-लेखन अडणं) असेल का?

भांडुपची_आई
मुलगा मराठी माध्यमात तिसरीत आहे, वय साडेआठ. वर्गात झालेला धडा न अडखळता वाचतो. त्याच पुस्तकातला न झालेला धडा दिला, की दोन ओळींना पाच मिनिटं. 'सूर्य'चं 'सूय', 'रस्ता'चं 'रता', 'किनारा'चं 'कनारा'. तोंडी गणित, गोष्ट सांगणं, परिसर अभ्यासाची तोंडी उत्तरं, सगळं छान. उलटी अक्षरंही काढत नाही. शाळेत सांगतात की आळस आहे, चुकलेला शब्द दहा वेळा लिहून घ्या. तसं केलं तरी आठवड्यानं चूक तीच. घरी नक्की काय तपासावं? आणि डिस्लेक्सियाच्या सर्टिफिकेटसाठी आत्ताच धावपळ करावी का?

विशेष_शिक्षिका_दादर
ताई, उलटी अक्षरं काढत नाही म्हणजे डिस्लेक्सिया नाही, असं अजिबात धरू नका. तुम्ही दिलेल्या तीन चुकाच जास्त बोलक्या आहेत. 'कि'मधली पहिली वेलांटी लिहायची आधी, उच्चारायची नंतर. रफाराचं उलट: 'सूर्य'मधला र् य च्या आधी ऐकू येतो आणि बसतो मात्र य च्या डोक्यावर. 'स्त'मध्ये दोन व्यंजनांना मिळून एकच स्वर. तिन्ही ठिकाणी मुलाला आवाज सुटे करून, त्यांचा क्रम डोक्यात धरून पुन्हा जुळवावे लागतात. डिस्लेक्सियाचं मूळ बहुतेकदा आवाजांच्या या हाताळणीत असतं, नजरेत नसतं. ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका मात्र खुणेत धरू नका, त्या सगळ्याच मुलांच्या होतात.

घरी तीन गोष्टी करून बघा.

पहिली: दुसरीच्या पुस्तकातला, त्यानं न पाहिलेला 100 शब्दांचा उतारा. मोबाइलवर रेकॉर्ड करा, मध्ये दुरुस्त करू नका. 10 पेक्षा जास्त शब्द चुकले तर तो मजकूर त्याला एकट्यानं वाचण्याजोगा नाही. चुका मोजून थांबू नका, कुठल्या जातीच्या आहेत ते लिहा: मात्रा (काना, वेलांटी, उकार अशी कुठलीही स्वराची खूण) गाळली, जोडाक्षर मोडलं, की पहिलं अक्षर बघून अंदाज केला ('बागेत'चं 'बाजारात').

दुसरी: तेवढ्याच अवघड उताऱ्याचं तुम्ही वाचन करा आणि प्रश्न विचारा. ऐकून सगळं कळतं आणि वाचून कळत नाही, ही तफावत महत्त्वाची.

तिसरी: अर्थ नसलेले शब्द. 'नुबकी', 'लिमोपा', 'झस्तू', 'तेर्मा' असे दहा. पाठांतर इथे उपयोगी पडत नाही. झालेला धडा तो बहुधा वाचत नाही, आठवून म्हणतो. ते इथे उघडं पडेल.

हे निदान नव्हे. त्याआधी डोळे आणि कान तपासून घ्या. घरी मराठी नसेल किंवा बरीच शाळा बुडली असेल, तर तेही असंच दिसू शकतं. अशा वेळी दोन-तीन महिने नीट शिकवून प्रगती किती होते ते पाहावं लागतं.

भांडुपची_आई
घरी मराठीच, शाळा बुडलेली नाही. बाराखडी तर तो अगदी न चुकता म्हणतो. मग मात्रा का गळतात?

विशेष_शिक्षिका_दादर
कारण बाराखडी तो चालीवर, पाठ म्हणतो. त्याला 'कू' कुठलं ते मधूनच विचारा. क, का, कि, की करत तिथपर्यंत यावं लागत असेल, तर मात्रेचा आवाज सुटा असा पक्का झालेला नाही.

रोज 30 मिनिटं, आठवड्यातून पाच दिवस, एवढं पुरे. रविवारी दोन तास बसवून भरपाई होत नाही.

पहिली 5 मिनिटं नुसती कानाची, वही बंद. "'काठी'तल्या 'क्'च्या जागी 'ग्' घाल." गाठी. "'पाट'मधला 'प्' काढ." आट.

पुढची 10 मिनिटं एकच मात्रा. पोस्टकार्डाएवढी कार्डं, व्यंजन काळ्या शाईत, मात्रा लाल. ताटात रव्याचा पातळ थर, त्यावर बोटानं लिहिताना आवाज मोठ्यानं म्हणायचाच. मुक्यानं गिरवलं तर ती नुसती चित्रकला होते. मग दर, दार, दूर, दोर असे एका मात्रेनं बदलणारे शब्द. क्रम असा ठेवा: काना, दुसरी वेलांटी, मग वरची एक मात्रा ('के') आणि काना-मात्रा ('को'), उकार, त्यानंतर पहिली वेलांटी. जोडाक्षरं नंतर, रफार सगळ्यात शेवटी.

पुढची 10 मिनिटं वाचन. शिकवलेल्याच मात्रांचा 50-60 शब्दांचा मजकूर, तोच तीनदा. उरलेल्या 5 मिनिटांत सहा शब्दांचं श्रुतलेखन.

बहुतेक घरी हे बिघडतं ते घाईनं. लागोपाठ तीन दिवस दहापैकी नऊ बरोबर आल्याशिवाय पुढची मात्रा नको. घ-ध, भ-म, ब-व या जोड्या एका आठवड्यात आणू नका. एक पक्कं होऊ द्या, दुसरं दोन-तीन आठवड्यांनी.

पालिका_शाळा_शिक्षक
दहा वेळा लिहिण्याबद्दल: दुसऱ्या ओळीपासून मूल वरच्या ओळीचं चित्र उतरवतं, आवाजाशी गाठच पडत नाही. पहिल्या ओळीत चूक झाली तर ती दहा वेळा घोटली जाते. शब्द झाकून, बोलत, एकदाच लिहू द्या, मग उघडून स्वतः ताडून पाहू द्या.

वर्गशिक्षकांना लेखी विनंती करा: अचानक उभं करून वाचायला लावू नये, वाचायचा परिच्छेद आदल्या दिवशी सांगावा, फळ्यावरचं अर्धंच उतरवू द्यावं, परिसर अभ्यासाची चाचणी तोंडी घ्यावी. यातल्या कशालाही सर्टिफिकेट लागत नाही. दिव्यांग हक्क कायदा, 2016च्या कलम 16 मध्ये अशी अक्षमता लवकरात लवकर ओळखून योग्य अध्यापन करण्याची जबाबदारी शिक्षणसंस्थांवर टाकली आहे. अर्जात कलमाचा उल्लेख अवश्य करा. शाळेला 'डाली' चाळणीबद्दलही विचारा, म्हणजे डिस्लेक्सियाची शक्यता आहे का ते पाहणारी प्राथमिक चाचणी. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्रानं ती 2015 मध्ये आणली, मराठीतही आहे. पहिली-दुसरीसाठी एक आणि तिसरी ते पाचवीसाठी दुसरी. शिक्षकांनाच वापरता येते.

सायन_लाइन
सर्टिफिकेटचं सांगतो. मुंबईत पालिकेच्या सायन आणि नायर रुग्णालयांत हे काम होतं. एका खेपेत होत नाही: बालरोगतज्ज्ञ, डोळे-कान, बुद्ध्यंक चाचणी, मग वाचन-लेखन-गणिताच्या चाचण्या. मुलाला सकाळी पोटभर खाऊन, झोप पूर्ण करून न्या. दमलेल्या मुलाचे आकडे खोटे येतात. सोबत दोन-तीन वर्षांची प्रगतिपुस्तकं, शाळेचं पत्र, मूळ वह्या (न खोडलेल्या, न सुधारलेल्या) आणि आधार कार्ड. वाचन-लेखनाची चाचणी मराठीतच घ्या, असं पहिल्याच भेटीत सांगा. मराठी माध्यमाच्या मुलाला इंग्रजी उतारा दिला तर निकालाला अर्थ उरत नाही. दिव्यांगत्वाच्या सरकारी ओळखपत्राचा अर्ज वेगळा, स्वावलंबन पोर्टलवर.

मुलगा आठ पूर्ण आहे, तर नंबर आत्ताच लावा. रांग मोठी असते आणि दहावीला जादा वेळ, लेखनिक अशा सवलती याच कागदावर मिळतात. पण कागद हातात येईपर्यंत रव्याचं ताट थांबवू नका.

भांडुपची_आई
एका क्लासनं रंगीत काचांचा चष्मा आणि डोळ्यांचे व्यायाम सुचवलेत, सहा महिन्यांचे पैसे आगाऊ.

विशेष_शिक्षिका_दादर
देऊ नका. नंबर असेल तर साधा चष्मा लावा. रंगीत काच किंवा डोळ्यांचे व्यायाम यांनी डिस्लेक्सिया कमी होतो, याला भरवशाचा पुरावा नाही. कुठल्याही क्लासला दोनच प्रश्न विचारा: आवाज आणि अक्षर यांचा मेळ कोणत्या क्रमानं शिकवता, आणि प्रगती दर महिन्याला कशानं मोजता? आजचं रेकॉर्डिंग मात्र जपून ठेवा. सहा आठवड्यांनी तेवढाच अवघड, पण नवा उतारा वाचून घ्या आणि दोन्ही शेजारी ठेवून ऐका.