प्रतिसाद: कापसाच्या गाठींवर तारणकर्ज

वर एकांनी लिहिलंय की गोदामाची कोणतीही पावती दाखवली की बँक कर्ज देते. तसं नाही. २००७च्या वखार कायद्याखाली नोंदणी झालेल्या गोदामाची इलेक्ट्रॉनिक पावती असेल, तर बँक तिच्यावर थेट बोजा चढवते. तो उतरेपर्यंत गाठी हलत नाहीत. साध्या पावतीत ही खात्री नसते. पावतीची मुदतही पाहा, ती लोक हमखास विसरतात!

मी उरणला राहतो, न्हावा-शेवा बंदरात मालाच्या कागदपत्रांचं काम करतो. पावसाळ्यात १७० किलोची गाठ भिजली की वजन, प्रत, विमा सगळ्यावरच वाद. म्हणून माल भरण्याआधी कंटेनरमध्ये शिरून दारं बाहेरून लावून घ्या. कुठूनही उजेड दिसला तर तिथे भोक आहे, पाणी शिरेल; तो कंटेनर परत पाठवा, घाई असली तरी.