सखल सेक्टरांत आधी पाण्याची वाट, मग वाढीव एफएसआय

पारसिकपायथा (बेलापूर)

वाशी, नेरूळ, बेलापूर, जिकडे जावं तिकडे सोसायटीच्या फाटकावर पुनर्विकासाचा फलक लागलेला दिसतो. नवी मुंबई दुसऱ्यांदा बांधली जात आहे. माझं म्हणणं असं की, जे सेक्टर भरतीच्या पातळीखाली आहेत तिथे निचऱ्याची व्यवस्था आधी धड करावी आणि वाढीव एफएसआय (प्लॉटच्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात किती बांधकाम करता येईल, तो निर्देशांक) त्यानंतर द्यावा.

सिडकोने खाडीकाठी भराव टाकून हे शहर वसवलं तेव्हा डच पद्धतीचे होल्डिंग पाँड ठेवले. पावसाचं पाणी नाल्यांतून तिथे जमतं. भरती आली की फ्लॅप गेट बंद होतात, ओहोटीला उघडतात आणि पाणी खाडीत जातं. आज त्या तलावांत गाळ साचलाय, त्यावर खारफुटी वाढलीय. म्हणजे धोधो पाऊस आणि भरती एकाच वेळी आली, तर पाणी साठवायला पूर्वीएवढी जागाच नाही.

आपण २६ जुलै २००५ पाहिला, सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी. त्यानंतर जेमतेम महिन्याभराने, २९ ऑगस्टला अमेरिकेत कतरिना वादळाने न्यू ऑर्लिन्स बुडवलं. शहराचा सुमारे ८० टक्के भाग पाण्याखाली गेला. काही कालव्यांच्या संरक्षक भिंती तर पाणी माथ्यापर्यंत पोचायच्या आतच कोसळल्या. पुढे कुठे बांधायचं आणि कुठे नाही, यावर तिथे मोठा वाद झाला, आणि शेवटी ज्याला जिथे परवडलं तिथे त्याने घर बांधलं. काही गल्ल्यांत एक घर उभं आणि शेजारचे चार प्लॉट ओस, अशी स्थिती झाली. २००० च्या जनगणनेत ४,८४,६७४ असलेली लोकसंख्या २०१० मध्ये ३,४३,८२९ वर आली. आपल्यावर तशी वेळ आलेली नाही. आपण ठरवून बांधू शकतो, म्हणूनच हा धागा काढला. यातून एक मागणीपत्र तयार करायचं आहे.

जेएनवासी (वाशी)

तुमची कळकळ समजते, पण आमच्या घरात या. जेएन टाइपच्या, म्हणजे सिडकोने बांधलेल्या जुन्या इमारतीत राहतो. स्वयंपाकघराच्या छताचा गिलावा पडून सळया उघड्या पडल्यात, गंजून फुगल्यात. पावसाळ्यात गॅसच्या ओट्यावर ताडपत्री बांधून आई भाकऱ्या करते. तलावांच्या गाळाचा प्रश्न सुटेपर्यंत थांबा, हे तिला कोण सांगणार? रस्त्यावर गुडघाभर पाणी आलं तर दोन तासांत ओसरतं. स्लॅब कोसळला तर माणूस जातो. तलाव साफ करणं हे प्रशासनाचं काम. त्याची शिक्षा रहिवाशांना नको.

उल्हासकाठ (बदलापूर)

जेएनवासींना माझा शंभर टक्के पाठिंबा. 'आधी हे, मग ते' म्हणजे काय असतं ते आम्ही भोगतोय. उल्हास नदीच्या पूररेषा आखल्या. निळी रेषा म्हणजे ढोबळमानाने २५ वर्षांतून एकदा येणारा पूर, लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणारा. निळीच्या आत नव्या बांधकामाला मनाई. ज्या इमारती तेव्हाच्या परवानग्या घेऊन उभ्या राहिल्या, त्या आता मोडकळीला आल्या तरी पुन्हा बांधणं सोपं राहिलेलं नाही. बँक कर्जाला नाही म्हणते, गिऱ्हाईक फिरकत नाही. २७ जुलै २०१९ ला वांगणीजवळ महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली, ती बातमी देशभर गेली. त्याच पाण्यात आमचे तळमजले बुडाले, त्याची बातमी झाली नाही. नकाशावर रेषा ओढणारे पर्यायी घर कुठे देणार ते सांगत नाहीत.

पारसिकपायथा

उल्हासकाठ, तुमच्या शेवटच्या वाक्याशी मी पूर्ण सहमत आहे. न्यू ऑर्लिन्समध्ये नेमकं हेच घडलं. जानेवारी २००६ मध्ये एका नकाशात काही वस्त्यांवर हिरवी वर्तुळं दाखवली, तिथे उद्यानं, मोकळ्या जागा होऊ शकतील म्हणून. ज्यांची घरं त्या वर्तुळांत होती त्यांना ते वर्तमानपत्रातून कळलं. लोक खवळले आणि ती योजना बारगळली. पर्यायी घर हातात न देता रेषा ओढू नये, हे मलाही मान्य आहे. पण मी कुणालाही हलवा म्हणत नाहीये. चार मजल्यांच्या जागी तीस मजले होणार, त्यांचं पाणी जाणार कुठे, एवढंच विचारतोय.

आमच्या शेजारच्या प्लॉटवर नवा टॉवर झाला. जोतं उंच घेतलं, त्याला जुळवून समोरचा रस्ता भरला. आमच्या जुन्या सोसायटीत शिरताना आता दोन पायऱ्या खाली उतरावं लागतं. टॉवरच्या बेसमेंटमधला पंप पाऊस लागला की पाणी रस्त्यावर फेकतो आणि ते आमच्या मीटर रूमकडे वळतं. मीटर वर उचलून घ्यायचा खर्च आम्ही सभासदांनी वर्गणी काढून केला.

ओहोटीवाला (नेरूळ)

पाण्याच्या निचऱ्याच्या कामात आयुष्य गेलं, म्हणून लिहितो. दोन्ही बाजू पैशांचं बोलत नाहीत. तलाव खोदायचा तर खारफुटीला हात लागतो, आणि उच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालानंतर त्यासाठी परवानगी लागते. ते योग्यच आहे. खारफुटी खाडीचा मार अंगावर घेते. पण तलावाच्या आतली झाडी आणि खाडीच्या तोंडाची झाडी यांचा वेगळा विचार शास्त्रीय पाहणी करून न्यायालयापुढे नीट मांडावा लागेल.

नुसत्या पंपांच्या भरवशावरही राहू नका. न्यू ऑर्लिन्सने शंभर वर्षं पंपांनी दलदल उपसली. ओल गेली तशी माती बसली, शहराचा निम्म्याच्या आसपास भाग समुद्रपातळीखाली गेला आणि उपसा आणखी वाढवावा लागला. कतरिनानंतर सुमारे साडेचौदा अब्ज डॉलर ओतून तटबंदी उभारली. २०२१ मध्ये, पुन्हा २९ ऑगस्टलाच, आयडा वादळ आलं तेव्हा ती टिकली, पण अख्ख्या शहराची वीज गेली. म्हणजे तलाव आणि नाले हवेतच, आणि त्यांना पैसा लागतो. म्हणून पुनर्विकास थांबवू नये. त्यातून येणारं विकास शुल्क त्या त्या सेक्टरच्या नाल्यांवर आणि तलावावर खर्च करायचं बंधन घालावं. दुसरा पैसा येणार कुठून?

भाडेकरीण (दिवा)

इथे सगळे मालक बोलतायत. मी भाड्याने राहते, तळमजल्यावर, दर पावसाळ्यात धान्याचा डबा माळ्यावर. आमची इमारत पाडली की मालकाला वाढीव जागा मिळते, मला महिन्याची नोटीस. न्यू ऑर्लिन्सचं एवढं सांगितलंत, तर हेही सांगा की तिथे गरिबांच्या चार मोठ्या सरकारी वसाहती पुरानंतर पाडल्या. त्यांतल्या बऱ्याच इमारतींचं फारसं नुकसानही झालेलं नव्हतं. घर बांधायचं अनुदानही घराच्या पुराआधीच्या किमतीशी बांधलेलं होतं. काळ्या लोकांच्या वस्तीतल्या घराला किंमत कमी, म्हणून मदत कमी. विटा-सिमेंटचा खर्च काय वस्ती बघून कमी होतो? शहर पुन्हा उभं राहिलं असं म्हणायचं, तर तिथे आधी राहणारे परत आले का ते आधी विचारा.

जेएनवासी

ताई, तुमचं म्हणणं मनाला लागलं. तरी धागाकर्त्यांची अट मला मान्य नाही. ओहोटीवाला काकांचा मार्ग मान्य आहे. आमच्या सर्वसाधारण सभेत बिल्डरने कार्पेट (घरातली वापरायची जागा), पार्किंग, कॉर्पस (सोसायटीला मिळणारा एकरकमी निधी) सगळं सांगितलं. पाण्याचं कुणीच विचारलं नाही, मीही नाही.

पारसिकपायथा

मग करार व्हायच्या आधी निदान एवढं लेखी मागा: तुमच्या प्लॉटची आजची पातळी आणि उधाणाच्या भरतीची पातळी, दोन्ही एकाच नकाशावर. नव्या जोत्यामुळे शेजारच्या जुन्या इमारतीकडे पाणी वळणार नाही, याची जबाबदारी कुणाची. बेसमेंटचा पंप पाणी कुठे सोडणार. पावसाचं पाणी प्लॉटवरच काही तास धरून ठेवणारी टाकी किती मोठी. आणि तळमजल्यावरचे भाडेकरू किती, बांधकामाच्या काळात ते कुठे जाणार. तुमच्या वास्तुविशारदाला ही उत्तरं देता आली पाहिजेत. एफएसआय आधी की तलाव आधी, यावर मी माझं मत सोडलेलं नाही. भाडेकरीण ताईंचा मुद्दा मात्र माझ्या मूळ लेखात नव्हता, तो आता मागणीपत्रात घालतोय. मसुदा उद्या इथेच टाकतो, हरकती कळवा.