काळ्या मातीत देशी गवत बियांपासून लावलंय का कोणी? (सिमरोल, इंदूर)

सिमरोलकर

नमस्कार मंडळी. सिमरोलच्या अलीकडे आमची साधारण दीड बिघा जमीन आहे, काळी माती. आधी बटईने सोयाबीन व्हायचं, पण बटईवाला सोडून गेला तेव्हापासून नुसतं गाजर गवत माजलंय, कमरेपर्यंत. शेती करायला मला वेळ नाही आणि कॉलनीवाल्यांना विकायची पण नाही.

तर वहिनीचा भाऊ अमेरिकेत कॅन्ससला असतो, त्याने घरामागे प्रेअरीचं म्हणजे तिकडच्या माळरानाचं गवत लावलंय, बिग ब्लूस्टेम, स्विचग्रास वगैरे, माणसाहून उंच, ऑक्टोबरात सगळं तांबूस होतं, फोटो बघून डोकंच फिरलं माझं. तो म्हणतोय बी पाठवतो, ओल्या वाळूत घालून दोन महिने फ्रिजमध्ये ठेव आणि मग पेर. फ्रिजला घरून आधीच नकार आलाय 😄

इथे ते येईल का? नाहीतर आपलं असं कुठलं गवत आहे का जे बियांपासून लावता येईल, बी कुठे मिळतं, कधी पेरायचं? नर्सरीत विचारलं की लॉनचे गालिचे दाखवतात.

रामबागची माई

अहो ते बी मुळीच मागवू नका. परवाना आणि फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट (बियाला रोग-कीड नाही असा तिकडचा सरकारी दाखला) नसताना पाकिटातून बी मागवणं कायद्यात बसत नाही, २००३ ची प्लांट क्वारंटाइन ऑर्डर त्यासाठीच आहे. तुमचं गाजर गवतसुद्धा तिकडूनच गव्हाबरोबर आलं असं म्हणतात, पुण्यात १९५५ च्या सुमारास दिसलं आणि आता कुठे नाही ते सांगा.

शिवाय ते इथे माणसाएवढं होणारच नाही. ही गवतं दिवसाच्या लांबीवर चालतात. कॅन्ससला जूनमधला दिवस पंधरा तासांच्या जवळपास, आपल्याकडे साडेतेरा. उत्तरेचं गवत दक्षिणेला आणलं की घाईघाईने तुऱ्यावर येतं आणि बुटकं राहतं.

आणि गंमत म्हणजे आपलं मारवेल गवत टेक्सासमध्ये क्लेबर्ग ब्लूस्टेम म्हणून पसरलंय, तिथले प्रेअरीवाले त्याच्या नावाने बोटं मोडतात. आपलं अंजन गवत तर ॲरिझोनात बफेलग्रास म्हणून बदनाम, वाळवंटात वणवा पसरवतं म्हणून लोक कुदळी घेऊन खणून काढतात. तेव्हा वहिनींच्या भावाला सांगा, ज्याचं गवत त्याच्याकडेच बरं.

आपल्या माळव्याचं म्हणाल तर शेडा, मारवेल, कुसळी, गुनेर, हेच मूळ गवत. १९७३ साली देशभरच्या गवताळ भागांचं जे वर्गीकरण छापलं गेलं त्यात आपला पट्टा सेहिमा-डायकँथियम प्रकारात येतो, म्हणजे साध्या भाषेत शेडा आणि मारवेल. तुमच्या काळ्या मातीला मारवेल उत्तम, शेडा जरा मुरमाड उतारावर खूश असतो.

फ्रिजचं म्हणाल तर तिकडच्या बियांना ओला, गार हिवाळा लागतो म्हणून ती भानगड. आपल्या बियांना कोरडा उन्हाळा काढू द्यायचा, बस. ऑक्टोबर-नोव्हेंबरात गोळा केलेलं ताजं बी लगेच पेरलं तर फारसं उगवत नाही. सावलीत वाळवून कापडी पिशवीत खुंटीला टांगून ठेवा, जूनपर्यंत तयार होतं. अंजनाचं तर वर्षभर जुनं बी जास्त चांगलं.

देपालपूरचा बंडू

माईंनी बरोबर सांगितलं, मी आता मातीतलं सांगतो. आमच्याकडे थोडी बीड म्हणजे गवतासाठीची जमीन राखलेली आहे, गवत कापून विकतो दर वर्षी, त्यामुळे बी घरचंच.

बी गोळा करायचं म्हणजे एकदम कापून झोडपायचं नाही, तुऱ्यातलं बी एकाच वेळी पिकत नाही, वरचं आधी पिकतं आणि वाऱ्याने उडून पण जातं. तुरा मुठीत धरून हलकेच वर ओढायचा, जे पिकलं ते हातात येतं, बाकीचं पुन्हा चार-पाच दिवसांनी. आणि नुसता कापूस बघून पिशवी भरू नका, त्यातलं पुष्कळ फोलच असतं. दोन नखांच्या मध्ये दाबून बघा, आत बारीक टणक दाणा लागला तर बी, नाहीतर भुसा.

पेरणीचं खरं भांडण गाजर गवताशी आहे भिया. पहिल्या पावसावर पेरायचंच नाही. पहिला पाऊस पडू द्या, तण सगळं वर येऊ द्या, मग वखर मारून टाका, जमलं तर दुसऱ्यांदा पण, आणि मगच पेरा, म्हणजे जूनचा शेवट किंवा जुलैची सुरुवात. बी हलकं आणि लोकरीसारखं असतं म्हणून ओलसर बारीक माती किंवा वाळूत चोळून घ्या म्हणजे हातातून सुटतं. ओळीतच पेरा, दीड-दोन फुटांवर ओळ, फेकून पेरलं तर कोवळेपणी गवत कुठलं आणि तण कुठलं ते तुम्हालाच कळणार नाही. खोल अजिबात नाही, बोटाच्या पेरापेक्षा कमी, वरून नुसती काटेरी फांदी फिरवायची. काळी माती पावसानंतर पापुद्रा धरते, त्याखाली बी गेलं तर वर येत नाही.

मुंग्या बी पळवतात. शेण, चिकणमाती आणि थोडी वाळू कालवून हरभऱ्याएवढ्या गोळ्या केल्या की बी वाचतं, कोरड्या भागात असंच पेरतात.

आणि कुसळी लावणार असाल तर विचार करून. तिचं एक बी तळहातावर घ्या, थुंकीने ओलं करा आणि बघत बसा, लांब काळी शेपटी पिळा सोडत आपोआप फिरायला लागते, टोक बरमा मारल्यागत खाली घुसतं. जमिनीत ते असंच स्वतःला पेरतं. पण मोज्यात, शेळीच्या कातड्यात पण तसंच घुसतं 😅

स्कीम७८_गोठा

एवढा कुटाणा कशाला? हायब्रिड नेपियर या चाऱ्याच्या गवताच्या कांड्या लावा, दोन महिन्यांत कापणी सुरू, डेरीवाले दारात येतील.

देपालपूरचा बंडू

भाऊ नेपियरला पाणी आणि खत कोण घालणार, ते तर म्हणतायत वेळ नाही. ज्याच्याकडे बोअर आणि म्हशी आहेत त्याने जरूर लावावं.

सिमरोलकर

माई, बंडूभाऊ, एवढं कोणी समजावून सांगितलं नव्हतं, आभार. म्हणजे या पावसाळ्यात माझ्याकडे बीच नाही, मग वर्ष वाया का? आणि रोजडे (नीलगाई) येतात आमच्याकडे, कुंपण नाही. खरमोर पक्षी येईल का हो, सैलान्याला बघितला होता एकदा, गवतातून उडी मारताना.

रामबागची माई

वाया कशाला? या पावसाळ्यात ठोंब लावा. ओळखीच्या शेतकऱ्याच्या बांधावरून विचारून मारवेलचे ठोंब आणा, वरचं गवत छाटून मुळं फोडून सुटी करा आणि जुलैत झडीच्या दिवसांत लावून टाका, बियांपेक्षा जास्त खात्रीचं काम. बाकी जागेवर गाजर गवत फुलायच्या आत उपटायचं, हातमोजे घालून बरं का, अंगावर पुरळ उठतं आणि दम्याच्या माणसाने तर जवळ पण जाऊ नये. यंदा तेवढं जरी केलंत तरी पुढच्या वर्षी पेरायला जमीन बरी मिळेल.

बी विकत हवं असेल तर झाशीला चारा आणि गवतावरची केंद्र सरकारची संशोधन संस्था आहे, १९६२ पासूनची, तिथे विचारा. त्यांचं बुंदेल अंजन वगैरे सुधारित वाण असतात, चाऱ्याला छान, पण तुम्हाला माळव्याचं रानातलंच हवं असेल तर ते जवळपासच गोळा करायला लागेल. अभयारण्यातून मात्र एक काडी पण उचलायची नाही.

खरमोरची आशा नका धरू, सैलाना आणि सरदारपूर ही दोन्ही अभयारण्यं १९८३ मध्ये त्याच्यासाठीच झाली आणि तिथेसुद्धा तो आता मुश्किलीने दिसतो. त्याला मोठं मोकळं माळरान लागतं, दीड बिघ्यात तो काय नाचणार. मुनिया मात्र बी खायला थव्याने येतील, तेव्हा स्वतःपुरतं आधी काढून घ्या.

देपालपूरचा बंडू

रोजड्यांचं टेन्शन पहिल्या वर्षीच. तेवढं एक वर्ष चराई बंद ठेवा, काट्याचं कुंपण करा, गवत वर फार दिसणार नाही पण खाली मुळं धरत असतं, म्हणून उगवलंच नाही समजून नांगर घालू नका. दुसऱ्या वर्षापासून बी झडल्यावर नोव्हेंबरात कापायचं, चार बोटं बुडखा ठेवून. आणि पेटवू नका, शेजारी गहू असतो लोकांचा.

ठोंब हवे असतील तर मेसेज करा, जुलैत गाडी घेऊन या, पोती मात्र तुमची आणा.